मारवेल गवताची लागवड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (कोरडवाहू माळ, बांध आणि कुरणवाल्यांसाठी)

पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. हे सगळं पुणे, नगर, सोलापूर, सातारचा माण-खटाव असल्या कमी पावसाच्या पट्ट्यासाठी आहे. कोकणवाल्यांनी आणि बारमाही बागायतवाल्यांनी वाचा, पण तुमचं गणित वेगळं आहे हे डोक्यात ठेवा.

मारवेल म्हणजे नक्की कुठलं गवत? आमच्या माळावर आहे का ते कसं ओळखायचं?

शास्त्रीय नाव डायकँथियम अॅन्युलेटम. बहुवर्षायू गवत आहे, म्हणजे उन्हाळ्यात वरून वाळतं पण बुडखा जिवंत राहतो आणि पाऊस पडला की तिथूनच परत फुटतं. ओळखायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे पेर. एक काडी उपटा, पेरावर बोट फिरवा, तिथे पांढऱ्या बारीक केसांची गोल रिंग दिसली आणि काडीचा बाकी भाग गुळगुळीत असला तर बहुतेक मारवेलच. दुसरी खूण तुऱ्याची, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान काडीच्या टोकाला हाताच्या बोटांसारखे दोन-चारपासून सात-आठपर्यंत जांभळट तुरे येतात आणि त्यातून बारीक वाकडी कुसळं बाहेर डोकावतात. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत, मातीवर अवलंबून. सतत चरलं जात असेल तर मात्र ते उभं न राहता जमिनीला चिकटून पसरतं, मग लोक त्याला हरळी समजून सोडून देतात.

गुजरातेत यालाच जिंजवो म्हणतात आणि तिकडचे गुरं पाळणारे मालधारी याला फार मानतात.

माळावर आधीच आहे, तर नांगरून नवीन जात लावू का?

नाही. नाही म्हणजे नाहीच.

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. आपला दख्खनचा माळ मुळातच गवताचा आहे. दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले, त्यात आपला जवळजवळ सगळा पठारी भाग 'सेहिमा-डायकँथियम' या प्रकारात येतो. सेहिमा म्हणजे आपलं पवना (काही ठिकाणी शेडा म्हणतात) आणि डायकँथियम म्हणजे हे मारवेल. उतारावर, मुरमाड जागेत पवना आणि खाली जिथे माती जरा साचते तिथे मारवेल, अशी त्यांची वाटणीच झालेली असते.

आता हा माळ वर्षानुवर्षं बेसुमार चारला की चांगली गवतं आधी जातात, कारण जनावर चवीचं तेच आधी खातं ना, आणि मग मागे राहते ती कुसळी, तीही गेली की नुसती चार महिन्यांची बारीक गवतं, मग तरवड नाहीतर उघडा मुरूम. पण बुडखे थोडेफार शिल्लक असतात आणि बीही कुठेतरी बांधाच्या कडेला, काटेरी झुडपाच्या आत पडलेलं असतं. त्यामुळे दोन-तीन पावसाळे जागा नुसती राखली तरी चांगलं गवत परत दिसायला लागतं. यात खर्च काय, तर राखणीचा. नांगर घातला की ते बुडखे मेलेच, वरून माती वाहून जाते ती वेगळीच. म्हणून आधी एक पावसाळा राखून बघा, ऑक्टोबरात फिरून बघा काय काय वर आलंय, आणि जिथे खरंच काही नाही तेवढ्याच पॅचमध्ये लागवड करा.

कुठल्या जमिनीत येतं? पाणी किती लागतं?

काळी, मध्यम ते भारी जमीन याला सगळ्यात मानवते. उन्हाळ्यात भेगा पडणाऱ्या चिकण मातीत बाकी बऱ्याच गवतांचे हाल होतात, तिथे हे तग धरतं. थोडी चोपण, थोडी खारवट जमीनही चालते. अगदी उथळ मुरूम असेल तर मारवेलच्या मागे लागू नका, तिथे पवना किंवा अंजन गवत लावा. सावली मात्र याला अजिबात चालत नाही, आंब्याच्या दाट बागेत लावून फायदा नाही.

पाऊस म्हणाल तर चारशे-पाचशे मिलिमीटरवर व्यवस्थित येतं. पाणी दिलं तर जास्त कापण्या मिळतात, पण हे गवत मुळात कोरडवाहूचं आहे आणि त्याचं कौतुक तिथेच आहे.

कोकणातल्या जांभ्या मातीत आणि तिकडच्या धो धो पावसात हे तितकं खुलत नाही.

नेपियर (हत्ती गवत) लावू का मारवेल? नेपियरचं उत्पन्न तर कितीतरी पट आहे

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की काय सांगू. दादा, तुमच्याकडे विहीर आहे का? उन्हाळ्यात तिला पाणी असतं का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर घराजवळ दहा-पंधरा गुंठे फुले जयवंत किंवा दुसरं कुठलं संकरित नेपियर लावा आणि दुभत्या गायींना ते घाला. त्याच्याशी मारवेलची स्पर्धाच नाही. मारवेल आहे ते त्या जमिनीसाठी जिथे पाणी जात नाही, ट्रॅक्टर जायला कंटाळतो आणि आत्ता तिथून तुम्हाला काहीच मिळत नाही. पडीक तुकडा, रुंद बांध, नाल्याचा काठ, शेततळ्याचा भराव असल्या जागा.

माणसं नेपियरच्या हिशोबाने मारवेलकडे बघतात आणि मग नाराज होतात, एवढंच.

कुठली जात घ्यावी?

आपल्याकडे मारवेलवर काम झालं ते मुख्यतः राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात. मारवेल-८ ही जुनी, सगळ्यांना माहीत असलेली. त्यानंतर फुले मारवेल-०६-४० आणि फुले गोवर्धन आल्या, त्या पानाला जास्त आणि उत्पन्नाला बऱ्या. झाशीच्या भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेतही (ही १९६२ पासूनची) या गवतावर काम झालंय. पण खरं सांगू का, पडीक माळासाठी तुमच्याच शिवारात टिकलेल्या मारवेलचे ठोंब (मुळासकट फोडलेले बुडख्याचे तुकडे) आणून लावले तरी चालतं, ते तुमच्या दुष्काळातून तावून सुलाखून निघालेलं असतं. कापून घालायचं असेल आणि जमीन बरी असेल तर विद्यापीठाची जात घ्या.

बी टाकावं का ठोंब लावावेत?

एक-दोन एकरापर्यंत ठोंबच. डोळे झाकून. मोठा माळ असेल आणि मजूर परवडत नसतील तरच बी.

बी आणलं, पेरलं, आणि काहीच उगवलं नाही. फसवलं का आम्हाला?

प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही, यात तीन-चार भानगडी आहेत.

एक, नवीन बी लगेच उगवत नाही. मारवेलच्या बियाला सुप्तावस्था असते, म्हणजे नोव्हेंबरात गोळा केलेलं बी डिसेंबरात टाकलं तर ते झोपलेलंच राहतं. सहा-आठ महिने कोरड्या जागी गोणपाटात ठेवून पुढच्या पावसाळ्यात टाकायचं. विकत घेताना कधीचं बी आहे हे विचारा, अगदी ताजं नको आणि चार वर्षांचं जुनाटही नको.

दोन, तुम्ही जे 'बी' म्हणून आणता त्यात बराचसा भुसाच असतो. मारवेलचे दाणे जोडीने येतात. त्यातला एक बिनदेठाचा, ज्याला लांब वाकडं कुसळ असतं, तो दाणा भरणारा. दुसरा देठावरचा, बिनकुसळाचा, तो वांझ. म्हणजे पोत्यातली निम्मी नग तशीही उगवणार नाहीतच. त्यात कुसळवालेही सगळे भरलेले नसतात. चिमूटभर बी तळहातावर घ्या आणि अंगठ्याने जोरात चोळा, फोलपट फुंकून टाका, खाली बारीक कणीदार दाणे किती राहतात ते मोजा. काहीच राहिलं नाही तर दुकानदाराला तिथेच परत करा.

तीन, लोक खोल पेरतात. ज्वारीच्या पाभरीने दोन इंच खाली टाकलं तर ते वर येणार कसं? जेमतेम अर्धा सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर माती वर असावी, त्यापेक्षा नाही. गंमत बघायची असेल तर एक कुसळवालं बी ओल्या तळहातावर ठेवा. दोन मिनिटांत ते कुसळ आपोआप गोल फिरायला लागतं. कोरडं झालं की उलटं फिरतं. असं फिरत फिरत ते बी स्वतःला मातीत रोवून घेतं, त्याला पाभरीची गरजच नसते.

आणि चार, मुंग्या. पेरल्यावर पाऊस लांबला की बारीक बी मुंग्या उचलून नेतात. म्हणून बी कोरडं फेकू नका. शेण, बारीक माती आणि थोडी वाळू मिसळून बियाच्या छोट्या गोळ्या करा, सावलीत वाळवा आणि मग फेका. यामुळे ते वाऱ्याने एका कोपऱ्यात पण जाऊन बसत नाही. एकरी दोन-अडीच किलो स्वच्छ बी पुरतं, घरचं भुश्यासकट असेल तर जास्त धरा.

ठोंब लावायची पद्धत सांगा

मे महिन्यात जमीन तयार ठेवा, आडवी उभी हलकी नांगरट आणि एक कुळवाची पाळी, उतार असेल तर फक्त उताराला आडव्या सऱ्या काढा, पूर्ण नांगरट नको. जमलं तर एकरी चार-पाच गाड्या चांगलं कुजलेलं शेणखत.

मग थांबा. पहिल्या पावसाला घाई करू नका, जमीन चांगली भिजून वाफसा आला की जुन्या बुडख्यातून ठोंब फोडा. एका ठोंबाला दोन-तीन फुटवे आणि खाली मुळं असली पाहिजेत. वरचं पान वीतभर ठेवून बाकी छाटा, मुळंही फार लांब असतील तर छाटा. दोन ओळीत दोन फूट, दोन ठोंबांत दीड फूट अंतर धरलं तर गुंठ्याला साधारण साडेतीनशे आणि एकराला साडेचौदा हजारांच्या आसपास ठोंब लागतात. रोप खोचल्यावर पायाने बुडाशी माती घट्ट दाबा, हे मजूर करत नाहीत आणि मग मुळाशी हवा राहून ठोंब वाळतो. फोडलेले ठोंब ओल्या गोणपाटात ठेवायचे आणि शक्यतो त्याच दिवशी लावून संपवायचे.

झडीचे दोन दिवस मिळाले तर सोन्याहून पिवळं. नांगे (ठोंब मेलेल्या रिकाम्या जागा) भरायला पंधरा-वीस दिवसांनी एक चक्कर मारा.

पहिल्या वर्षी गुरं सोडली तर काय होतं? थोडीच चरतील

थोडीच चरत नाहीत ती. पहिल्या वर्षी गवताचा सगळा जोर मुळं धरण्यावर असतो, गाय पान तोडत नाही तर अख्खा ठोंब उपटून काढते आणि वरून ओल्या मातीत खुरांनी तुडवते ते निराळंच. शेळ्यांचं तर विचारूच नका. या एका गोष्टीत लागवडीचा निकाल लागतो, बियाणं कुठलं, खत किती, हे सगळं नंतरचं. पहिला पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा जनावर आत जाता कामा नये. पहिल्या वर्षी बी पडून गेल्यावर, नोव्हेंबरच्या आसपास, एकदा विळ्याने कापून घ्या, एवढंच.

आणि शेजारपाजारच्या गुरांचं काय, तर त्याला तारेचं कुंपण हे उत्तर सगळ्यांना परवडत नाही. घायपात, निवडुंग नाहीतर बोरी-बाभळीच्या फांद्यांची काटी लावा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे गुरं घेऊन येतात त्यांच्याशी आधी बोला. कापलेल्या गवतातल्या काही पेंढ्या त्यांना देऊ असं ठरवलं की तेच राखण करतात. भांडून कुणाचंही कुरण राहिलेलं नाही.

दुसऱ्या वर्षापासून चराई कशी ठेवावी?

कुरणाचे तीन-चार भाग पाडा आणि आलटून पालटून चारा. गवत चार-पाच बोटं उरलं की जनावरं पुढच्या भागात. पावसाच्या सुरवातीला, कोवळे फुटवे येत असताना कमीत कमी महिना-दीड महिना कुठेच सोडायचं नाही, बुडख्यात साठवलेला सगळा साठा तेव्हा खर्च होत असतो आणि त्याच वेळी पान खाल्लं गेलं तर तो भरून निघत नाही. दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत मोकळा सोडा, आणि तो दरवर्षी बदलत न्या.

कापणी कधी करायची? आमच्याकडे दिवाळीनंतर कापतात

दिवाळीनंतर कापतात कारण तेव्हा खरिपाची कामं संपलेली असतात, गवताची सोय बघून नाही. कोवळ्या मारवेलमध्ये प्रथिनं सात-आठ टक्के असतात, बी पडून काडी पिवळी झाली की तीन-चार टक्क्यांवर येतात. जनावराच्या पोटातल्या जिवाणूंनाच नीट काम करायला सात टक्क्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे नुसत्या वाळक्या काडीवर जनावर पोट भरूनही खंगतं. म्हणून साधारण निम्म्या काड्यांना तुरे आले की कापा. कोरडवाहूत एक कापणी सप्टेंबरच्या आसपास आणि जमिनीत ओल असली तर दुसरी नोव्हेंबरात. विळा चार बोटं वर धरा, बुडाला खरवडू नका.

आता अडचण अशी की सप्टेंबरात पाऊस असतो आणि गवत वाळत नाही. मग तेव्हाचं ओलंच घाला आणि वाळवायचं ते दुसरं. नाहीतर दोन-तीन दिवसांची उघडीप बघून कापा, पातळ पसरा, दिवसातून एकदा उलटं करा आणि संध्याकाळी गोळा करून झाका.

उत्पन्न किती धरायचं?

बऱ्यापैकी जमिनीत, नुसत्या पावसावर, गवत नीट बसल्यावर एकरी एक ते दीड टन वाळलेलं गवत धरा, पाऊस आणि खत चांगलं मिळालं तर दोन. एका गावठी गाईला दिवसाला सात-आठ किलो वाळला चारा लागतो, म्हणजे दीड टनात एका गाईचे सहा-साडेसहा महिने निघतात. ज्या तुकड्यात आधी फक्त गाजर गवत होतं तिथून हे मिळतंय असं बघा.

खत घालायचं का? गवताला कोण खत घालतं?

घातलं तर फरक दिसतो. युरियाची ४५ किलोची एक गोणी म्हणजे साधारण २० किलो नत्र, एकराला एवढं वर्षभरात पुरे, निम्मं पहिल्या चांगल्या पावसानंतर आणि निम्मं कापणीनंतर जमिनीत ओल असेल तेव्हाच. कोरड्यात युरिया फेकू नका. मेंढपाळांचे वाडे बसवून घेता आले तर त्याच्यासारखं खत नाही, फक्त ते उन्हाळ्याच्या शेवटी आणि गवत मुरलेलं असेल तेव्हा, लागवडीच्या वर्षी नको.

सोबत द्विदल चारा मिसळावा का?

हो, मिसळाच. नुसत्या गवतात प्रथिनांची जी कमतरता सांगितली ती यातून भरून निघते आणि नत्राचा खर्चही थोडा वाचतो. कोरडवाहूत स्टायलो चांगला जमतो, दोन ओळी गवत आणि एक ओळ स्टायलो. त्याचं बी टणक असतं, ऐंशी अंशाच्या आसपास गरम पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढलं तर उगवण सुधारते. निळी गोकर्णसुद्धा चालते, शेळ्या आवडीने खातात. बांधावर शेवरी, हादगा किंवा सुबाभळीची ओळ, पण सुबाभूळ शेंगा धरायच्या आत छाटत राहायची नाहीतर ती सगळीकडे होते.

गाजर गवत आणि बाकी तणाचं काय?

पहिल्या वर्षी दोन खुरपण्या लागतात. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, हातात मोजे घाला. दुसऱ्या वर्षापासून मारवेलची गर्दी झाली की तणाला जागाच राहत नाही. तणनाशकाच्या भानगडीत पडू नका.

रोग-कीड?

फार त्रास नाही. ओलं वर्ष असलं तर पानावर तांबेरा आणि तुऱ्यात कधीकधी काणी दिसते, कापून घेतलं की विषय संपला. फवारणी वगैरे करायची गरज नाही, जनावरांच्या पोटात जायचंय ते.

कोवळं खाल्लं तर ज्वारीसारखी विषबाधा होते का?

कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाऊन जनावर लागतं ती भीती मारवेलला नाही. पण उन्हाळाभर वाळलं खाल्लेल्या जनावराला एकदम कोवळ्या लुसलुशीत गवतात सोडलं तर हगवण लागते, पोट फुगतं, ते कुठल्याही गवताने होईल. पहिले आठ दिवस थोडं थोडं.

उन्हाळ्यात माळ पेटवला की गवत जोरात येतं म्हणतात, खरं का?

पेटवल्यावर हिरवं लवकर दिसतं एवढंच खरं, कारण वरची वाळकी काडी जाऊन फुटवे उघड्यावर येतात. मारवेलचे बुडखे एखादी आग सोसतात. पण मातीवर पडलेलं बी जळतं, पालापाचोळा जातो, जमीन उघडी पडते आणि पहिल्याच वळिवात वरची माती नाल्यात. शिवाय माळावर टिटवी, चंडोल, तित्तर जमिनीवर अंडी घालतात, ती कुठे जाणार? पेटवू नका, आणि दुसऱ्याने पेटवलेलं आत येऊ नये म्हणून फेब्रुवारीच्या आत कडेने आठ-दहा फुटाचा जाळपट्टा साफ करून ठेवा.

गायरानावर लावता येईल का?

गायरान गावाचं असतं, एकट्यादुकट्याने जाऊन लागवड करायची नाही. ग्रामसभेत ठराव, राखणीची माणसं, गवत वाटायचा नियम हे आधी ठरलं पाहिजे. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली, गवत कापून न्यायचं, जनावर सोडायचं नाही, आणि मग डोंगर हिरवा झाला. लोक तिथे जाऊन बंधारे बघून येतात, फोटो काढतात, चराईबंदीबद्दल कुणी विचारत नाही.

आणि एक विनंती. गवताळ माळ दिसला की 'पडीक आहे, झाडं लावू' म्हणून खड्डे खणायला जाऊ नका. सोलापूरजवळ नान्नजचा माळ माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाला तो गवताचा आहे म्हणूनच. लांडगा, खोकड, धाविक पक्षी, सगळ्यांना मोकळं गवतच लागतं.

बंगल्यासमोर लॉन म्हणून चालेल?

नाही हो. लॉनला हरळी लावा.

भाऊ अमेरिकेत टेक्सासला आहे, तिकडे बी पाठवू का?

अजिबात नको. बियाणं असं परदेशात पाठवायला परवानगी लागते हा एक भाग, आणि दुसरं म्हणजे ते तिकडे आधीच पोचलंय. दक्षिण टेक्सासात याला क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणतात, चाऱ्यासाठी नेलं आणि आता तिथल्या मूळच्या गवतांना हटवून पसरतंय म्हणून तिकडचे निसर्गवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. आपल्याकडे जे राखून राखून टिकवावं लागतं ते तिकडे काढून निघत नाही. गवत तेच.

एकदा लावलं की किती वर्षं टिकतं?

नीट राखलं तर मोजायची गरज पडत नाही. कापून घालायच्या प्लॉटमध्ये मात्र पाच-सहा वर्षांनी बुडखे मधून पोकळ व्हायला लागतात, उत्पन्न घटतं, तेव्हा जूनमध्ये तेच बुडखे फोडून मधल्या जागेत लावायचे.

घरचं बी धरता येईल का, का दरवर्षी विकत घ्यायचं?

घरचंच धरा. या गवतात बहुतेक बी नर-मादी पेशींच्या मिलनाशिवाय तयार होतं, त्यामुळे ते आईच्याच गुणाचं निघतं, जात बिघडायची भीती कमी. एका तुऱ्यात वरचं बी आधी पिकतं आणि गळतं, खालचं मागून, म्हणून एकदाच कापून चालत नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून आठवड्याला एकदा, दव वाळल्यावर, काडीला धक्का न लावता तुरा मुठीत धरून हलकं ओढा, पिकलेलं तेवढं हातात येतं. चार दिवस सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, वर तारीख लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा राहिला तर बुरशी येते. पहिल्यांदा ठोंब हवे असतील तर राहुरीला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मे महिन्यातच नाव नोंदवून ठेवा, जूनमध्ये फोन केला तर संपले म्हणून सांगतात.